जुलाह्याची गाठ

मागच्या जानेवारीत माझ्यामुळे माझ्या मुलीचं मनगट मोडलं. केसाएवढीच चीर होती. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांचं प्लास्टर, मग सगळं ठीक. तिचं मनगट ठीक झालंही. पण त्या दिवसापासून मी दोरीला बांधलेल्या कुठल्याही वस्तूजवळ गेलो की ती आधी माझ्या हातांकडे बघायची. नऊ वर्षांच्या मुलीनं बापाच्या हातांकडे तसं बघणं सोपं नसतं.

झालं असं की मी हॅमक घेतला होता. हॅमक म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगायची कापडी झोळी, माणूस मावेल एवढी. पातूरच्या घाटाच्या पायथ्याशी आमचं थोडं शेत आहे. हिवाळ्यात तिथं मुक्काम करायचा, तारे बघायचे, असं लेकीनं आणि मी ठरवलं होतं. तंबूला सपाट जागा लागते, खालून दगड टोचतात, विंचवाची भीती असते. हॅमकला दोन झाडं पुरतात. घरपोच आलेल्या पिशवीत झोळी, दोन बारीक दोऱ्या आणि दोन आकडे होते. झोळी सुंदर होती. दोऱ्यांकडे मी लक्षच दिलं नाही.

धुऱ्यावरचा कडुनिंब आणि आंबा यांच्यात सात मीटरचं अंतर. सोबतच्या दोऱ्या पुरेनात. मग मोटरसायकलच्या कॅरिअरला गुंडाळलेली पिवळी प्लॅस्टिकची दोरी कापून दोन्हीकडे जोड दिला. झोळी जमिनीला टेकू नये म्हणून चांगली तारेसारखी ताणली. मी बसलो, लेक माझ्या कुशीत बसली. पाच मिनिटं मजेत गेली. मग आंब्याकडची गाठ सरकली आणि आम्ही दोघं खाली. उंची जेमतेम दीड फूट. पण तिनं सावरायला हात टेकवला आणि त्या हातावर माझं अंग पडलं.

शेजारच्या शेतातले काका धावत आले. मुलीला उचललं, दोरी पाहिली आणि म्हणाले, "झाडाले बांधलं होतं का हवेले?"

घरी बायको काही बोलली नाही. ते न बोलणं काकांच्या वाक्यापेक्षा जड होतं. अम्मीनं मात्र सगळं ऐकून एकच विचारलं, "बांधा किसने था?" मी म्हणालो, मीच. "गाठ कौन सी लगाई?" मला सांगता आलं नाही. मी जी मारली होती तिला नाव नव्हतं. वळसा, पुन्हा वळसा, ओढ, झालं.

प्लास्टर निघेपर्यंतचे तीन आठवडे मी रोज रात्री टांगणीचा अभ्यास केला. झोळी फेकून द्यावी असं घरच्यांचं म्हणणं होतं. मला ते पटत नव्हतं, कारण झोळी फाटली नव्हती. चूक बांधण्यात होती. ती चूक समजल्याशिवाय वस्तू फेकली असती, तर मुलीच्या मनात एवढंच राहिलं असतं की टांगलेलं सगळं पडतंच.

पहिली गोष्ट कळली ती ताणाची. मला वाटायचं, आम्हा दोघांचं वजन शंभर किलो, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर पन्नास. हे खरं असतं तर फक्त दोऱ्या सरळ वरून खाली लोंबत असत्या तर. तिरप्या दोरीला वजन उचलायचंही असतं आणि समोरच्या दोरीशी ओढाताणही करायची असते. दोरी जमिनीच्या समांतर रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला शंभर किलोचा ताण येतो, म्हणजे पूर्ण वजनाइतका. कोन १० अंशांवर आला की तोच ताण सुमारे २९० किलो होतो. ५ अंशांवर ५७० किलोच्या पुढे जातो. मी झोळी तारेसारखी ताणली तेव्हा मला वाटलं मजबूत केली. प्रत्यक्षात मी गाठीवरचा भार तिप्पट करून ठेवला होता. वाळत घातलेल्या ओल्या गोधडीनं ताणलेली दोरी भिंतीतला खिळा उपसून काढते आणि सैल दोरी काढत नाही, हे आपण घरोघरी बघतो. त्यामागचं गणित हेच.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरा, तर्जनी झाडाकडे आडवी, अंगठा वर. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरपी रेष जाते तिचा उतार जवळपास ३० अंश असतो. दोरी त्या रेषेसारखी दिसली की पुरे.

दुसरी गोष्ट दोरीची. ती पिवळी दोरी पॉलिप्रॉपिलीनची. गुळगुळीत असते, साधी गाठ तिच्यावर सरकते, आणि उन्हानं तिची ताकद जाते. अकोल्याच्या उन्हात, जिथं मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तिथं दोन उन्हाळे कॅरिअरवर काढलेली दोरी मी माणसाचा भार पेलायला लावली होती. नायलॉन मजबूत खरा, पण ताणला की लांबतो, ओला झाला की आणखी लांबतो. रात्री कमरेएवढी असलेली झोळी पहाटे दवानं भिजून जमिनीला टेकते. पॉलिस्टर तेवढा लांबत नाही, उन्हातही बरा टिकतो. टेम्पोवर माल आवळायला जे पट्टे वापरतात ते बहुतेक पॉलिस्टरचे असतात, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट झाडाची, आणि हिचा मी कधी विचारच केला नव्हता. झाडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांनी बनवलेलं अन्न खाली मुळांकडे जातं. बारीक दोरी भारानं सालीत रुतते आणि तो थर कापते. म्हणून खोडाभोवती दोरी न बांधता रुंद पट्टा घालायचा, कमीत कमी अडीच सेंटिमीटरचा, कोवळ्या सालीच्या झाडाला त्याहून रुंद. आमच्या घरी आजोबांचा नवारीचा पलंग होता. उघड्या सुतळीवर झोपलं तर अंगावर वळ उठतात, नवारीवर उठत नाहीत. झाडालाही तेच लागू आहे.

मग प्रश्न आला पट्टा झोळीला जोडायचा कसा. इथं बाजारानं माणसाला वेडं करून टाकलंय. एका प्रकारात पट्ट्यावर ओळीनं दहा-बारा फासे शिवलेले असतात. हव्या त्या फाशात झोळीचा आकडा अडकवायचा. सगळ्यात सोपा प्रकार, पण जड, आणि उंची फक्त फाशाफाशानंच बदलते. दुसऱ्यात बारीक, पोकळ विणीची दोरी स्वतःच्याच पोटातून ओवलेली असते. ओढली की लांबी कमीजास्त होते. ती वजनाला पिसासारखी आणि ताकदीला लोखंडासारखी. पण तिचा धागा इतका निसरडा की त्यावर साधी गाठ टिकत नाही, आणि बिघडली तर पातूरमध्ये दुरुस्त कोण करणार? तिसऱ्यात धातूचं बक्कल. पट्टा ओवला की ते भारानं आवळतं. छान चालतं, पण पट्टा उलटा ओवला तर सरकतं, आणि अंधारात उलट-सुलट कळत नाही.

मी यादी करत बसलो होतो. प्रत्येकाची तुटण्याची क्षमता, वजन, किंमत. अम्मी बाजूला तांदूळ निवडत होती. मोतीबिंदूमुळे तिला आता फारसं दिसत नाही, बोटांनीच खडे शोधते. तिनं विचारलं, काय बघतोस? मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम भाई-बहन सब झोली में पले. गिरा कोई?"

खरं होतं. आम्ही चार भावंडं. शेतात कापूस वेचायला जाताना अम्मी आम्हाला बरोबर न्यायची आणि कडुनिंबाच्या फांदीला दादीच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. वऱ्हाडात ही काही आमच्याच घरची गोष्ट नाही. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या झाडाला लोंबणारी झोळी आणि तिला अधूनमधून झोका देणारं मोठं भावंडं, हे चित्र इथल्या कुठल्याही शेतकरी-मजूर घरात निघेल, मग ते घर कोणत्याही धर्माचं असो. हॅमक हा शब्द मात्र लांबून आला. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर पोचला तेव्हा तिथल्या ताईनो लोकांच्या टांगत्या जाळ्या त्यानं पाहिल्या. त्यांचा 'हामाका' हा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि तिथून माझ्या पिशवीवर आला. वस्तू मात्र माझ्या जन्माआधीपासून आमच्या झाडावर होती.

मी अम्मीला म्हणालो, दाखव. आकडे-बक्कल बाजूला ठेवून तिच्यासमोर दोरी आणि ओढणी ठेवली. तिनं खाटेच्या पायाभोवती दोरीचे तीन वेढे घातले आणि मग टोक साधं अडकवलं. म्हणाली, गाठीवर भार यायलाच नको, भार वेढ्यांनी घ्यायचा. हे मी दोन दिवसांपूर्वीच वाचलं होतं. डोंगरावर बचावकार्य करणारे लोक खोडाला दोर असाच गुंडाळतात. घर्षणानं प्रत्येक वेढा ताण खातो आणि तिसऱ्या वेढ्यानंतर गाठीपर्यंत फारच थोडा उरतो. अम्मी शाळेत चौथीपर्यंत गेली आहे.

मग ओढणीच्या टोकाचा फासा करून त्यात तिनं दोरी घातली आणि एक गाठ मारली. बोटं इतक्या वेगानं फिरली की मला दिसलंच नाही. ओढून पाहिली, घट्ट. टोकाला हिसका दिला, मोकळी. मराठीत आपण दोनच गाठी जाणतो: निरगाठ, जी सुटत नाही, आणि सुरगाठ, जी ओढली की सुटते. झोळीला यातली एकही नुसती चालत नाही. निरगाठ भारानं अशी आवळते की शेवटी विळ्यानं कापावी लागते. नुसती सुरगाठ भरवशाची नाही. झोळीला हवी ती गाठ भार असताना धरते आणि भार नसताना सोडते.

"कौन सी गाठ है ये?" मी विचारलं.

अम्मी जरा थांबली. मग म्हणाली, "जुलाहे की."

इथं थोडं मागं जावं लागेल. अम्मी मालेगावची. १८५७नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी ज्या गावाला मागांचं गाव केलं, तिथल्या एका घरातली. नाना मागावर बसायचे आणि अम्मी लहानपणी कांड्या भरायची. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की मजुरी थांबते. म्हणून तुटलेली दोन टोकं डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारी गाठ त्या घरातल्या मुलांना अक्षरांच्या आधी येते. ती गाठ लहान असावी लागते, नाहीतर फणीत अडकते, आणि ताणानं घट्ट होणारी असावी लागते. जहाजावरचे खलाशी दोर जोडायला जी गाठ वापरतात तिची रचना हीच, आणि हॅमकवाले पट्टा झोळीच्या फाशाला बांधतात तीही हीच. नावं वेगळी आहेत, मारायची पद्धत थोडी वेगळी आहे, गाठ एक आहे.

पण पातूरच्या आमच्या घरात 'जुलाहा' हा शब्द कौतुकाचा नव्हता. आपल्यात जातपात नाही, असं आपण सांगतो. मशिदीत एका रांगेत उभे राहतो तेवढ्यापुरतं ते खरंही असतं. पण अम्मी लग्न होऊन आली तेव्हा, भाजीत मीठ जास्त पडलं किंवा दळण उशिरा आलं की, "जुलाहे की बेटी है" हे वाक्य घरातली मोठी माणसं अगदी सहज म्हणायची. मी ते ऐकत मोठा झालो. शाळेत कुणी आजोळ विचारलं तर मी नाशिक जिल्हा सांगायचो, मालेगाव नाही, आणि नाना काय करतात म्हटलं तर कापडाचा धंदा. शेख बाबूंच्या दर्ग्यासाठी ज्या गावाचं जुनं नाव पातूर शेख बाबू होतं, जिथं एका बाजूला दर्गा, एका बाजूला रेणुकामातेची टेकडी आणि जवळच खडकात कोरलेली लेणी आहेत, त्या गावातल्या आमच्या घरात एका विणकराची मुलगी आपलं आजोळ हळू आवाजात सांगत होती. आणि तिनं बांधलेल्या झोळ्यांत आम्ही चौघं न पडता वाढलो. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका मोडलेल्या मनगटामुळे ते शेजारी-शेजारी ठेवून बघावं लागलं.

त्या रात्री यादीतला निर्णय झाला. अडीच सेंटिमीटर रुंदीचे पॉलिस्टरचे दोन पट्टे, प्रत्येक तीन मीटरचा, एका टोकाला कारखान्यातच शिवलेला फासा. पट्टा खोडाभोवती फिरवायचा, त्याच्याच फाशातून ओवून आवळायचा. झोळीच्या दोन्ही टोकांना जाड दोरीची एक-एक बंद कडी. पट्ट्याचं मोकळं टोक त्या कडीला जुलाह्याच्या गाठीनं बांधायचं. बस. आकडा नाही, बक्कल नाही. तुटण्याची क्षमता मी येणाऱ्या ताणाच्या निदान पाचपट धरली. शंभर किलो ताण असेल तर पट्टा पाचशेच्या वरचा.

याहून हलकी, वेगवान, दिसायला देखणी सोय मिळते. मी ही निवडली, कारण तिचा प्रत्येक भाग हाताला कळतो. बक्कल आतून झिजलंय का हे मला कळणार नाही. ओवलेली दोरी पोटात तुटत आलीय का हे दिसणार नाही. पट्ट्यावर बोट फिरवलं की धागा उसवलेला लागतो, आणि गाठ बरोबर आहे की नाही हे नऊ वर्षांची मुलगीही बघून सांगू शकते. भरवशाच्या वस्तूचा माझा अर्थ आता एवढाच आहे, की ज्याला तिच्यात झोपायचंय त्याला ती स्वतः तपासता आली पाहिजे.

अम्मीनं लेकीला गाठ शिकवली. प्लास्टर नुकतंच निघालेला हात बारीक आणि पांढुरका दिसत होता. अम्मीनं तिच्यासाठी एक बोल केला: "नीचे से आ, पीछे से घूम, अपने ही नीचे घुस जा." म्हणजे पट्टा कडीच्या खालून वर घ्यायचा, कडीच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खालून खोचायचा. खोचताना टोक दुहेरी ठेवलं की सोडताना एक हिसका पुरतो. या गाठीत एक उणीव आहे, तीही अम्मीनं सांगितली. रिकामी झोळी वाऱ्यानं हलत राहिली तर गाठ सैल पडू शकते. म्हणून उरलेल्या टोकाची आणखी एक अढी मारायची आणि प्रत्येक वेळी बसण्याआधी गाठ बघायची. रात्री पाणी प्यायला उठलात तरी परत येताना बघायची.

लेकीनं विचारलं, "दादी, अल्लाह बचाएगा ना?" अम्मीनं तिला ती उंटाची गोष्ट सांगितली. तिर्मिझीच्या हदीससंग्रहात आहे. एकानं पैगंबरांना विचारलं होतं, उंट बांधून अल्लाहवर विसंबू की मोकळा सोडून? त्यांनी आधी बांधायला सांगितलं. मी ही हदीस जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली असेल. पण उंट कोणत्या गाठीनं बांधायचा, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

मार्चच्या शेवटी आम्ही पुन्हा शेतात गेलो. काटेपूर्णा अभयारण्यात जाऊ, असं लेक म्हणत होती. तिथं मनाला येईल तिथं मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये. आपला धुरा बरा. या वेळी आंबा सोडला आणि कडुनिंबापासून साडेचार मीटरवरचा साग धरला. झाड निवडताना आधी वर बघायचं: वाळलेली फांदी, आग्यामोहोळ. शेवग्याला कधी बांधायचं नाही, त्याचं लाकूड फसवं. तीन मीटरच्या झोळीला साडेचार मीटर अंतर मोजून बरोबर पडलं. पट्टे साधारण सहा फुटांवर, कोन बोटांनी मोजलेला, झोळीचा मधला भाग खुर्चीएवढा उंच. झोळीच्या दोन टोकांमध्ये अडीच मीटरची एक बारीक दोरी कायमची बांधून टाकली आहे. झाडं जवळ असोत की लांब, तिच्यामुळे झोळीचा झोल तोच राहतो. आणि झोपायचं सरळ नाही, जरा तिरपं. मग पाठ सपाट राहते.

मगरीब झाली. मी एका बाजूची गाठ मारली, लेकीनं दुसऱ्या बाजूची. मग तिनं हाताला धरून मला बाजूला केलं आणि आधी दगडगोटे भरलेली पोती झोळीत ठेवायला लावली. पोती तशीच तासभर. मग मला एकट्याला बसवलं. मग उतरवलं, दोन्ही गाठींवर बोट फिरवलं. माझ्या गाठीपाशी थांबली.

"अब्बू, ये पीछे से नई घूमी."

मी बघितलं. खरंच, मी दोन्ही पदरांच्या मागून न फिरवता एकाच पदराला वळसा दिला होता. दिसायला जवळपास तशीच होती. तिनं हिसका दिला, गाठ सोडली, पुन्हा बांधली. तोंडानं पुटपुटत होती, नीचे से आ, पीछे से घूम.

मग ती आत चढली आणि म्हणाली, "आओ."

पहाटे फजरच्या आधी थंडी वाजली म्हणून जाग आली. ती माझ्या दंडावर झोपली होती, बरा झालेला हात कापडाच्या काठावर टाकून. अंधारातच मी हात लांब करून डोक्याकडची गाठ चाचपली. जशी होती तशीच होती.